खालिद जमील : मुंबईच्या कूपरेजपासून भारतीय फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकपदापर्यंत

अहिल्यानगर : मुकुंदनगर असो, कोठला असो की भिंगार, आपल्या मोहल्ल्यातल्या पोरांना अशरफ हकीमी कोण हे सांगावं लागत नाही. २०२२ च्या कतार वर्ल्ड कपमध्ये मोरोक्कोच्या या बचावपटूने स्पेनविरुद्ध शेवटची पेनल्टी अलगद मधोमध टाकली आणि मोरोक्को उपांत्यपूर्व फेरीत गेलं. सामना आपल्याकडे रात्री साडेआठला सुरू झाला होता, त्यामुळे लहानथोर सगळ्यांनी तो पाहिला. पुढे पोर्तुगालला १-० हरवून मोरोक्कोने उपांत्य फेरी गाठली. आफ्रिकेतला किंवा अरब जगातला दुसरा कोणताही देश त्याआधी तिथवर पोहोचला नव्हता. माद्रिदमध्ये जन्मलेल्या हकीमीची आई लोकांच्या घरी साफसफाई करायची, वडील रस्त्यावर माल विकायचे. ही गोष्ट आता आपल्या घराघरात ठाऊक आहे, आणि त्यात वाईट काही नाही.

पण त्याच पोरांना विचारा, की ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या फुटबॉल संघाचा मुख्य प्रशिक्षक कोण झाला? बहुतेकजण गप्प होतील. उत्तर आहे खालिद जमील. मुंबईत खेळलेला, मुंबईतच प्रशिक्षक झालेला माणूस. आपल्याच राज्याच्या मैदानावरून गेलेल्या या माणसाची कारकीर्द आमच्या वाचकांना एका जागी वाचायला मिळावी, म्हणून हा लेख. सोबत मुंबईच्याच राहुल भेके या बचावपटूची माहितीही देत आहोत. आणि शेवटी, ज्या घरात मुलगा किंवा मुलगी फुटबॉल खेळायचा हट्ट धरून बसली आहे, त्या आई-वडिलांसाठी चार कामाच्या गोष्टी.

जन्म कुवेतचा, मैदान मुंबईचं

खालिद जमील यांचा जन्म २१ एप्रिल १९७७ रोजी कुवेतमध्ये झाला. आई-वडील भारतीय. नोकरी-धंद्यासाठी आखातात गेलेली अशी कुटुंबं आपल्या जिल्ह्यातही गावोगाव सापडतील. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला आणि तिथे स्थायिक झालेल्या लाखो भारतीयांचं आयुष्य उलटंपालटं झालं. जमील कुटुंबही भारतात आलं, आणि खालिद यांचं पुढचं फुटबॉल मुंबईत घडलं.

त्या काळी मुंबईचं फुटबॉल कंपन्यांच्या आणि सरकारी खात्यांच्या संघांवर उभं होतं. एअर इंडिया, महिंद्रा, ओएनजीसी, आरसीएफ, बँका. खेळाडूला क्लबच्या कराराबरोबर पोटापाण्याची सोय मिळायची. जमील मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीत खेळणारे. १९९७ मध्ये ते महिंद्रा युनायटेडमध्ये आले, पुढे एअर इंडियाकडे गेले आणि २००२ ला पुन्हा महिंद्रात परतले. भारताच्या राष्ट्रीय संघातूनही ते खेळले. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकली तेव्हा जमील क्लबमध्येच होते, पण दुखापतींनी त्यांना घेरलं होतं. खेळाडू म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी नव्या मुंबई एफसी क्लबमध्ये घालवला आणि २००९ मध्ये बूट टांगले. वय होतं फक्त ३२.

कोलकात्याचे पैसे नाकारले

त्यांच्या खेळाडूपणीचा एक निर्णय आजही सांगितला जातो. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल हे कोलकात्याचे दोन मोठे क्लब. भारतात फुटबॉलपटूला नाव आणि पैसा मिळायचा तो तिथेच. दोन्हीकडून विचारणा झाली असताना जमील यांनी नकार दिला, कारण दोन्ही क्लबच्या जर्सीवर दारूच्या कंपनीचं नाव होतं. ही गोष्ट वर्तमानपत्रांतून वेळोवेळी छापून आली आहे.

आम्ही ती दोन कारणांसाठी इथे देतो. एक तर, एवढा मोठा निर्णय घेऊन त्याचा डंका त्यांनी कधी पिटला नाही. दुसरं, या नकाराची किंमत होती. कोलकात्यात खेळला असता तर कदाचित नाव जास्त झालं असतं. हलाल-हरामची बोलणी चहाच्या टपरीवर सगळेच करतात, पण समोर कराराचा कागद असताना नाही म्हणणं वेगळी गोष्ट आहे. पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांनी या दोन्ही क्लबमध्ये काम केलं, हेही इथे नोंदवतो.

मुंबई एफसी : सात वर्षांची तालीम

२००९ मध्ये जमील ज्या क्लबमध्ये खेळत होते, त्याच मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले. हा क्लब श्रीमंत नव्हता. महागडे परदेशी खेळाडू परवडायचे नाहीत. अशा संघाचं पहिलं काम जिंकणं नसतं, टिकणं असतं. आय-लीगमध्ये तळाला गेलेला संघ खालच्या लीगमध्ये फेकला जायचा. तिथे गेलं की प्रायोजक जातो, मग खेळाडू जातात, मग क्लबच बंद पडतो.

सात वर्षं जमील यांनी मुंबई एफसीला त्या खड्ड्यात पडू दिलं नाही. लोक त्यांच्या खेळाला कंटाळवाणं म्हणायचे. आधी गोल खायचा नाही, मग संधी मिळाली तर एक मारायचा, असा हिशोब. पण ज्याच्या खिशात पन्नास रुपये आहेत तो शंभराचा बाजार करू शकत नाही. २०१६ मध्ये क्लबने त्यांना निरोप दिला. पुढच्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेला, आय-लीगमधून बाहेर पडला आणि मग बंदच झाला.

आयझॉलचा चमत्कार, २०१७

मुंबईतून बाहेर पडलेले जमील गेले थेट मिझोरामला. आयझॉल एफसी हा डोंगरातल्या छोट्या शहराचा क्लब. २०१५-१६ च्या हंगामात तो आय-लीगमधून घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी लीग सोडल्यामुळे जागा रिकामी झाली आणि आयझॉलला परत घेतलं गेलं. म्हणजे जो संघ स्पर्धेतच नसता, त्याची जबाबदारी जमील यांच्यावर आली.

मुंबईतले ओळखीचे दोन खेळाडू त्यांनी सोबत नेले : बचावपटू आशुतोष मेहता आणि मिडफिल्डर जयेश राणे. सीरियाचा महमूद अल अमना मधल्या फळीचा आधार झाला. बाकी बरीचशी पोरं मिझोरामची. २२ एप्रिल २०१७ रोजी घरच्या मैदानावर मोहन बागानला १-० हरवलं. तो एक गोल कोणाचा? झोहमिंगलियाना राल्टे या बचावपटूचा, डोक्याने मारलेला. ३० एप्रिलला शिलाँगमध्ये शिलाँग लाजोंगशी १-१ बरोबरी झाली आणि आयझॉल भारताचा विजेता ठरला. गुण ३७. दुसऱ्या क्रमांकावरच्या मोहन बागानचे ३६. ईशान्य भारतातल्या कोणत्याही क्लबने त्याआधी देशाची लीग जिंकली नव्हती.

त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला होता. ज्या माणसाला मुंबईने सोडलं, तो वर. आणि मुंबईचा क्लब खाली. आम्हाला यात कोणाला टोमणा मारायचा नाही. एवढंच की माणूस काढून टाकला म्हणून त्याचं हुनर संपत नाही.

कोलकाता, गुवाहाटी, जमशेदपूर

२०१७-१८ मध्ये जमील ईस्ट बंगालचे प्रशिक्षक झाले. २०१९ च्या जानेवारीत मोहन बागानने त्यांना हंगामाच्या मध्यावर बोलावलं. दोन्हीकडे लीगचा चषक मिळाला नाही.

यानंतर ते इंडियन सुपर लीगच्या नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये सहायक प्रशिक्षक म्हणून गेले. विजेता प्रशिक्षक दुसऱ्याच्या हाताखाली काम करायला तयार झाला, ही गोष्ट लक्षात ठेवावी. जानेवारी २०२१ मध्ये क्लबने परदेशी प्रशिक्षकाला हटवलं आणि जमील यांना तात्पुरती जबाबदारी दिली. त्यांच्या हाताखाली संघ साखळीतला एकही सामना हरला नाही आणि उपांत्य फेरीत गेला. त्याआधी कोणत्याही भारतीय प्रशिक्षकाने आयएसएलच्या संघाला तिथवर नेलं नव्हतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये ते आयएसएल क्लबचे कायमस्वरूपी मुख्य प्रशिक्षक झालेले पहिले भारतीय ठरले. मात्र तो हंगाम फसला, संघ दहाव्या क्रमांकावर राहिला.

२०२३ संपता संपता जमशेदपूर एफसीने त्यांना बोलावलं. २०२४-२५ मध्ये जमशेदपूर आयएसएलच्या उपांत्य फेरीत पोहोचला. घरच्या मैदानावर मोहन बागानला २-१ हरवलं, परतीच्या सामन्यात ०-२ हार पत्करली आणि एका गोलाच्या फरकाने अंतिम फेरी हुकली. ३ मे २०२५ रोजी सुपर कपच्या अंतिम सामन्यात एफसी गोवाने ३-० असं हरवलं. चषक नाही मिळाला, पण अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०२३-२४ आणि २०२४-२५ अशी लागोपाठ दोन वर्षं त्यांना वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षक ठरवलं.

भारताची जबाबदारी

१ ऑगस्ट २०२५ रोजी महासंघाने खालिद जमील यांना भारताच्या पुरुष संघाचे मुख्य प्रशिक्षक नेमलं. अंतिम यादीत त्यांच्यासोबत इंग्लंडचे स्टीफन कॉन्स्टंटाइन आणि स्लोव्हाकियाचे स्टेफान टारकोविच होते. २०११-१२ मध्ये गोव्याचे सावियो मेदेरा यांच्यानंतर १३ वर्षांनी हे पद भारतीय माणसाकडे आलं.

पहिली परीक्षा मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपची. २९ ऑगस्टला यजमान ताजिकिस्तानला भारताने २-१ हरवलं. दोन्ही गोल बचावपटूंचे : अन्वर अली आणि संदेश झिंगन. इराणने ०-३ असं हरवलं, अफगाणिस्तानशी ०-० बरोबरी झाली. ८ सप्टेंबरला तिसऱ्या क्रमांकासाठी ओमानशी गाठ पडली. उदांता सिंगच्या गोलने १-१ झालं आणि पेनल्टीत भारत ३-२ ने जिंकला. गोलकीपर गुरप्रीत सिंग संधूने शेवटची पेनल्टी अडवली. क्रमवारीत बराच वर असलेल्या ओमानवरचा हा विजय मोठा होता.

पुढची गोष्ट मात्र गोड नाही, आणि ती लपवण्यातही अर्थ नाही. आशियाई कपच्या पात्रता फेरीत ९ ऑक्टोबरला सिंगापूरमध्ये रहीम अलीच्या गोलने १-१ बरोबरी साधली, पण १४ ऑक्टोबरला मडगावात सिंगापूरने २-१ हरवलं आणि भारताची संधी गेली. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशकडून ०-१. बांगलादेशने भारताला हरवण्याची ही २००३ नंतरची पहिलीच वेळ होती. सप्टेंबरमध्ये ज्यांनी डोक्यावर घेतलं, त्यांनीच नोव्हेंबरमध्ये शिव्या दिल्या. प्रशिक्षकाची नोकरी अशीच असते.

मुंबईचा बचावपटू : राहुल भेके

बचावपटूचं काम घरातल्या आईसारखं आहे. सगळं सुरळीत चाललं तर कोणाच्या लक्षात येत नाही, एक दिवस चुकलं की सगळे बोलतात. गोल मारणाऱ्याचं नाव जर्सीवर छापलं जातं, गोल वाचवणाऱ्याचं क्वचित. म्हणून हकीमीसारखा बचावपटू पोरांचा लाडका होतो ही तशी नवलाचीच गोष्ट. कतारमध्ये उपांत्य फेरीपर्यंत मोरोक्कोने फक्त एक गोल खाल्ला होता, तोही स्वतःच्याच खेळाडूच्या पायाला लागून गेलेला. यशाचं खरं कारण तिथे होतं.

आपल्या महाराष्ट्रात या जागेवरचं मोठं नाव राहुल भेके. जन्म ६ डिसेंबर १९९०, मुंबई. १७ मार्च २०१९ रोजी अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनामध्ये आयएसएलचा अंतिम सामना होता, बेंगळुरू एफसी विरुद्ध एफसी गोवा. जादा वेळेत, ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर भेकेने डोक्याने गोल केला आणि बेंगळुरू पहिल्यांदा विजेता झाला. वयाच्या २८ व्या वर्षी, जून २०१९ मध्ये किंग्ज कपमध्ये तो भारताकडून पहिला सामना खेळला. अठराव्या वर्षी नाव झालं नाही म्हणून निराश होणाऱ्या पोरांनी हे वय लक्षात ठेवावं.

पुढे तो मुंबई सिटीकडे आला. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाधमध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबई सिटीने इराकच्या अल कुवा अल जाविया क्लबला २-१ हरवलं. विजयी गोल पुन्हा भेकेच्या डोक्याचा. या स्पर्धेत भारतीय क्लबचा हा पहिलाच विजय. त्याच मुंबई संघाच्या मधल्या फळीत तेव्हा मोरोक्कोचा अहमद जाहू खेळायचा. म्हणजे मोरोक्को आणि मुंबई यांचं नातं फक्त टीव्हीवरचं नाही. जमील प्रशिक्षक झाल्यावर ओमानविरुद्धच्या पेनल्टीत भारताकडून गोल करणाऱ्या तिघांत भेकेही होता.

आमच्या घरांसाठी चार गोष्टी

आपल्या जिल्ह्याने झहीर खान दिला. १९७८ मध्ये श्रीरामपूरला जन्मलेला, इंजिनिअरिंग सोडून मुंबईला गेलेला आणि भारतासाठी ९२ कसोटींत ३११ बळी घेतलेला. त्याचं नाव सांगून पोरं घरी वाद घालतात, की बघा, त्याने शिक्षण सोडलं. आम्ही आई-वडिलांना आणि पोरांना दोघांनाही सांगू, की झहीर एक झाला. ज्यांनी शिक्षण सोडलं आणि झहीर झाले नाहीत, त्यांची गोष्ट कोणी लिहीत नाही.

१. कागदपत्रं आधी. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला यांवर नाव आणि जन्मतारीख एकच असली पाहिजे. वयोगटाच्या स्पर्धांत वयाची तपासणी होते, मनगटाच्या हाडाचा एक्स-रेही काढला जातो. आपल्याकडे नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक असतो : कुठे शेख आधी, कुठे नंतर. वय कमी दाखवून खेळवण्याचा मोह तर अजिबात नको. पोराची कारकीर्द तिथेच संपते.

२. रस्ता कोणता ते समजून घ्या. शाळेचा संघ, सुब्रतो कपच्या शालेय स्पर्धा, जिल्हा संघटना, मग राज्याची वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन. पुण्यात बालेवाडीला राज्य सरकारची क्रीडा प्रबोधिनी आहे, तिथून फुटबॉलपटू घडले आहेत. निवड चाचणीच्या नावाखाली हजारो रुपये मागणारा कोणी भेटला तर आधी क्लबकडे किंवा संघटनेकडे थेट चौकशी करा, मगच पैशाला हात घाला.

३. शिक्षण सोडू नका. २०२५ च्या जुलैमध्ये महासंघ आणि आयोजक कंपनी यांच्यातल्या करारावरून आयएसएलचा पुढचा हंगामच अडकला. नामांकित खेळाडूंच्याही पगाराचा प्रश्न उभा राहिला. मोठ्यांचं हे, तर नवख्यांचं काय? दहावी-बारावीला खेळाडूंना वाढीव गुण मिळतात आणि राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी स्पर्धांची प्रमाणपत्रं जपून ठेवा, पत्र्याच्या पेटीत का होईना.

४. खेळणं संपलं म्हणजे खेळ संपला असं नाही. जमील यांना दुखापतीने लवकर थांबवलं, पण त्यांनी परवाने घेतले आणि आशियाई महासंघाच्या सर्वात वरच्या प्रो लायसन्सपर्यंत गेले. प्रशिक्षकाचे परवाने खालच्या पायरीपासून सुरू होतात. पंच, फिजिओ, फिटनेस ट्रेनर, शाळेतले क्रीडाशिक्षक ही सगळी इज्जतीची कामं आहेत. मुलींनाही यातली प्रत्येक वाट खुली आहे. "मैदान दूर आहे" हे कारण असेल तर चार घरांनी मिळून रिक्षा लावावी, पण पोरीला घरी बसवू नये.

शेवटी

खालिद जमील फार बोलत नाहीत. पत्रकार परिषदेत दोन वाक्यांत उत्तर संपतं, आणि श्रेय विचारलं की ते खेळाडूंचं नाव घेतात. त्यांच्या कारकिर्दीत विजय आहेत तसेच पराभवही आहेत, काढून टाकलं जाणं आहे, खालच्या पदावर जाऊन पुन्हा सुरुवात करणं आहे. आमच्या मते पोरांना सांगण्यासारखा भाग तो आहे.

हकीमीची जर्सी जरूर घ्या. पण वाडिया पार्कवर संध्याकाळी बॉल घेऊन निघालेल्या पोराला एकदा हेही सांगा, की कूपरेजच्या मैदानावरून निघालेला एक माणूस देशाचा प्रशिक्षक झाला. आणि मगरिबच्या अजानला घरी ये, उद्याचा गृहपाठ राहिलाय, हेही सांगायला विसरू नका.